बारा परिवार, सब सुखी

समाज सुखी कशानं होतो, हे मोठमोठ्या विद्वानांना अजून नीट सांगता आलेलं नाही. मला मात्र सांगता येतं! मी गेली सात वर्षं नागपुरात सक्करदऱ्याजवळच्या समाधान अपार्टमेंटचा सेक्रेटरी आहे. बारा फ्लॅट, बारा कुटुंबं, एक लिफ्ट आणि एक सूचना फलक. सुखाला खरा लागतो तो सूचना फलक. काय करायचं नाही हे लोकांना एकदा स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, की ते आपोआप सुखी होतात. आमच्या फलकावर एकूण एकतीस सूचना आहेत. एकतिसावी सूचना 'सर्वांनी हसतमुख राहावे' अशी आहे. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं 'काहून?', म्हणजे 'कशासाठी?', असं लिहून ठेवलंय, पण त्याचा तपास चालू आहे.

तर अशा या सोसायटीतून देवाजी निघून चालले होते!

देवाजी म्हणजे माझ्या समोरच्या दारातले. कन्हानला पंपिंग स्टेशनवर बत्तीस वर्षं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम करून रिटायर झालेले. एकोणीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. दर एप्रिलमध्ये माझ्या कूलरचा पंप बंद पडणार, आणि देवाजी येऊन त्याला दोन चापट्या मारून सुरू करणार. मी मारलेल्या चापट्यांनी तो कधीच सुरू झालेला नाही. नागपूरच्या मे महिन्यात असा शेजारी असणं म्हणजे काय, हे ज्यानं पंचेचाळीस डिग्रीत बंद कूलरसमोर बसून काढलंय त्यालाच कळेल.

त्यांचा मुलगा अश्विन पुण्यात असतो. तो आणि सून मेघा बोलावत होते. देवाजींनी फ्लॅट विकायला काढला. बोलणी होत आली, आणि रविवारी सकाळी दहा वाजता सुशील नावाचे गृहस्थ बायकोला घेऊन घर पक्कं करायला येणार असं ठरलं.

हे ऐकलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. घशात काही अडकलं की माणूस बोलतो, रडतो, नाहीतर पाणी पितो. मी सेक्रेटरी असल्यामुळे निरोप समारंभाची नोटीस काढली! शाल आणली. नारळ आणला. मेनू काय ठेवायचा, हे विचारायला खुद्द देवाजींकडेच गेलो.

"काही बी ठेव गा," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. माझी बायको भैरवी म्हणाली, "अहो, त्यांना सरळ सांगा ना, जाऊ नका म्हणून."

"असं कसं सांगणार?" मी म्हणालो. "ते आपल्या मुलाकडे चालले. सेक्रेटरीनं असं भावनेच्या भरात बोलायचं नसतं."

"मग काय नोटीस काढणार?"

नोटीस नाही, पण त्याहून मोठी गोष्ट मला सुचली होती. फ्लेक्स! गेटच्या बाहेर, कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा दहा बाय सहाचा फ्लेक्स. त्यावर आपली सोसायटी किती सुखी आहे हे छापायचं. देवाजी रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडणार, फ्लेक्स वाचणार, आणि त्यांच्या मनात येणार, अरे, हे सुख सोडून मी कुठं चाललो!

"अन् तो सुशील नाही वाचणार?" भैरवीनं विचारलं. "गिऱ्हाईक येऊन राहिलंय, अन् तुम्ही घराची जाहिरात लावून राहिले!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या योजनेत अशा बारीकसारीक अडचणी येतातच.

शुक्रवारी मी जितेंद्र नावाच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेलो. इथं बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. नागपूरचा मराठी माणूस दुकानाची पायरी चढला की हिंदी बोलतो. का बोलतो, हे त्यालाही माहीत नसतं. पायरी चढली की जिभेचा गिअर आपोआप बदलतो.

"भैया, एक फ्लेक्स बनाना है," मी म्हणालो. "बडे अक्षर में लिखो, सुखी सोसायटी!"

जितेंद्रनं कीबोर्डवरचे हात थांबवले. "पूरी सोसायटी?"

"पूरी! नीचे लिखो, बारा परिवार, सब सुखी!"

"कब से?"

"सात साल हो गये. जब से मैं सेक्रेटरी बना."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "और आपने कुछ किया नहीं?"

"अरे, सब मैंनेच तो किया!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, बिचारा भारावला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अंकल, आप नंबर दे दो. मैं फोटो भी डालता, अच्छा सा. देखनेवाले का दिल भर आना चाहिये."

"डालो!" मी म्हणालो. अशी मनापासून काम करणारी माणसं आता राहिली कुठं!

शनिवारी त्यानं व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवला. चष्मा घरात कुठंतरी होता. मला एक मोठं तांबूस चित्र दिसलं आणि त्यावर ठळक अक्षरं दिसली. मी अंगठा पाठवला आणि खाली 'एकदम बढिया' लिहिलं.

रविवारी सहा वाजता जितेंद्र स्वतः येऊन फ्लेक्स बांधून गेला. आमच्या गॅलरीतून मला त्याची मागची पांढरी बाजू तेवढी दिसत होती. साडेसहाला देवाजी दुधाची पिशवी घेऊन बाहेर पडले. भिंतीसमोर थांबले. बराच वेळ थांबले! मग मान वर करून त्यांनी माझ्या गॅलरीकडे पाहिलं. मी पटकन कुंडीमागे वाकलो. योजना लागू पडली होती!

सव्वासातला माझा फोन वाजला. अनोळखी बाईमाणसाचा आवाज होता.

"भाऊ, तुमचा बोर्ड पाहिला. मन कसं भरून आलं हो! खरंच सगळे घरं?"

"सगळीच्या सगळी!"

"अन् लहान लेकरं?"

"लहान लेकरं, म्हातारी माणसं, सगळे! तिसऱ्या माळ्यावरच्या यमुताई तर शहाऐंशीच्या आहेत. त्यासुद्धा!"

"अगं बाई! मग त्या आंघोळ कशी करतात?"

मी जरा गोंधळलो. पण सुखी माणसाच्या दिनचर्येबद्दल लोकांना कुतूहल असतं. "गाणं म्हणत करतात," मी सांगितलं.

पलीकडे हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर फोन थांबेचनात! एकानं विचारलं, भांडी कशी घासता? मी म्हणालो, मिळून मिसळून. दुसऱ्यानं विचारलं, मोर्चा काढला नाही काय? मी म्हणालो, सुखी माणसं कशाला मोर्चा काढतील? तो म्हणाला, "भाऊ, तुमचं काळीज लय मोठं हाये!" आणि मी फोन ठेवून भैरवीला म्हणालो, "बघ! अख्खं नागपूर विचारून राहिलंय!"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

गेटमध्ये टँकर उभा होता. पाण्याचा! दहा हजार लिटरचा! ड्रायव्हर खाली उतरून पाइप सोडवत होता. मी बनियनवरच धावत गेलो.

"सेक्रेटरी कौन?"

"मैं! ये क्या है?"

"पानी. जितेंद्र भाई के साले का टँकर है. पैसा नहीं लेना बोला, सेवा है."

"अरे, पण हमारी टाकी तो भरी हुई है!"

ड्रायव्हरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, शरमाना नहीं. सब पे टाइम आता है."

आणि मी 'रुको' म्हणेपर्यंत त्यानं खालच्या टाकीचं झाकण उघडून पाइप सोडला! टाकी काठोकाठ भरलेलीच होती. पाणी झाकणातून बाहेर आलं, पार्किंगमध्ये पसरलं, माझ्या स्कूटरच्या चाकाखालून वाहत जिन्यापर्यंत पोहोचलं. मी ओरडत होतो, ड्रायव्हर मान हलवून मला धीर देत होता, आणि मागून दुसरा टँकर आत शिरत होता! तो शेजारच्या मंडळानं पाठवला होता. त्याच्या मागे तिसरा! त्यावर एका भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो होता आणि बाजूला एक माणूस व्हिडिओ काढत होता.

मला भोवळ यायची बाकी राहिली. सात वर्षांत मी पार्किंगमध्ये बादलीभर पाणी सांडू दिलेलं नाही. सूचना क्रमांक चारच आहे तशी! आणि आता तिथं घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात माझी चप्पल तरंगत होती.

मग मागच्या गल्लीतली माणसं आली. त्यांच्या नळाला मात्र आठवडाभर खरंच धार नव्हती. ड्रम, बादल्या, घागरी घेऊन पन्नासेक जण आत घुसले. ओढाओढी सुरू झाली. कुणीतरी मला बाजूला ढकललं आणि मी पाण्यात मटकन बसलो.

"ए! थांबा! लाइन लावा आधी!"

आवाज देवाजींचा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते टँकरच्या चाकापाशी उभे होते. पाणी सोडायच्या चाबीवर हात होता. "घागरीवाले इकडून, ड्रमवाले तिकडून! पानी कोठी पळून नाही जाऊन राहिलं! बत्तीस वर्षं नागपूरले पानी पाजलं मी, तुमाले नाही पाजणार काय?"

दोन मिनिटांत रांग लागली! देवाजी चाबी फिरवत होते आणि धार ड्रमच्या तोंडाशी बरोबर थांबत होती. आमच्या सोसायटीतले लोकही खाली आले. पार्किंगमध्ये पाणी आणि डोक्यावर मे महिना, म्हणजे दुसरं काय होणार? केयूर आणि गार्गी या नवरा-बायकोनं एकमेकांवर पाणी उडवलं. ही दोघं मीटिंगला आली की खुर्च्यांमध्ये अंतर सोडून बसतात! यमुताई लिफ्टनं उतरून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पाय पाण्यात सोडून मला म्हणाल्या, "सुमंत, बरं केलंस रे. दर रविवारी करत जा."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्यात दहा वाजले.

गेटमध्ये एक स्वच्छ इस्त्रीचा शर्ट आणि एक छत्री उभी होती. सुशील आणि त्यांची बायको! दोघांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. एकदा ते भिंतीकडे बघत होते, एकदा टँकरकडे, एकदा रांगेकडे.

मी पाण्यातून फच्च फच्च करत पुढे गेलो. "या, या! मी सेक्रेटरी."

"इथं पाणी नाही?" बाईंनी विचारलं.

"पाणी?" मी माझ्या पायाकडे पाहिलं. "अहो, नको तितकं आहे!"

"मग बोर्डवर काहून लिहिलं?"

"बोर्डवर सुखी लिहिलंय!"

"सुखी नाही हो, हिंदीतलं सूखी लिहिलंय, कोरडी," सुशील म्हणाले. "एजंटनं हे नाही सांगितलं आम्हाला. सात वर्षांपासून पाणी नाही अन् तुम्ही घर विकून राहिले?"

मी धावत रस्त्यावर गेलो आणि पहिल्यांदा फ्लेक्स समोरून पाहिला.

माझे डोळे पांढरे झाले! दहा बाय सहावर भेगा पडलेली जमीन होती. मधोमध उलटी पडलेली बादली. एका नळातून एकच थेंब लोंबत होता. वर लालभडक अक्षरात 'सूखी सोसायटी!' आणि खाली 'बारा परिवार. सब सूखे. सात साल से.' त्याच्याखाली 'मदद करें' आणि माझा मोबाइल नंबर!

मी मागे वळलो तोवर सुशील आणि त्यांची बायको ऑटोत बसले होते. प्रेमिलावहिनी, म्हणजे देवाजींची बायको, वर गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी ऑटो जाताना पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

मी जितेंद्रला फोन लावला. "अरे, ये क्या किया तुमने! सुखी मतलब सुखी! आनंदी! खूश!"

मग तो म्हणाला, "अहो काका, आनंदी म्हणायचं होतं काय तुम्हाला?"

मी तीन ताड उडालो. "तुम्ही मराठी?"

"सावनेरचा हो मी! घरी मराठीच बोलतो."

"मग माझ्याशी हिंदीत काहून बोलले?"

"तुम्हीच सुरू केली ना! मले वाटलं, काका हिंदी आहेत. अन् मे महिन्यात हिंदी माणूस सोसायटी सूखी हाये म्हणून रडकुंडीला येऊन सांगत असेल, तं काय समजू मी?"

"मी रडकुंडीला नव्हतो आलो!"

"आले होते काका," तो म्हणाला. "डोळे भरून आले होते तुमचे."

मी फोन ठेवला. ते मात्र खोटं नव्हतं.

दुपारी टँकर गेले, रांग संपली. पार्किंग वाळायला लागलं. आता मला देवाजींच्या दारावरची बेल दाबायची होती. बेल माझ्यापासून सहा पावलांवर होती आणि मला ती सहा पावलं टाकवत नव्हती. एका माणसाच्या घराचा होत आलेला सौदा मी मोडून टाकला होता! आणि त्याला वाटणार, मी हे मुद्दाम केलं! कोणाला पटेल की एकोणीस वर्षांचा शेजारी ऱ्हस्व उकारावर घसरला?

दार उघडंच होतं. आत प्रेमिलावहिनी जमिनीवर बसून खोक्यातून भांडी काढत होत्या. देवाजी सोफ्यावर ओले पाय वर घेऊन बसले होते.

"देवाजी," मी म्हणालो, "तो बोर्ड..."

"वाचला मी. सकाळीच वाचला, दूध आनाले गेलो तेव्हा."

"वाचला? मग काढला काहून नाही? सुशीलला फोन काहून नाही केला?"

"काहून करू?" देवाजींनी पायजम्याची घडी सोडली. "सहा महिने झाले, मी घर विकून राहिलो, विकून राहिलो, असं साऱ्याइले सांगून राहिलो. एकानं तरी म्हटलं काय, देवाजी, नको जाऊ? सारे विचारतात, किती खोल्या, किती भाव. अन् तू! तू तं मले मेनू विचाराले आला! तुह्या घरी टेबलावर ती शाल पाहिली ना मी, तं मले जेवन गेलं नाही त्या दिवशी."

"खरंच नाही जेवले हो," प्रेमिलावहिनी म्हणाल्या. "भैरवीताईले मी सांगनार होती, पन म्हटलं जाऊ द्या."

"अन् मग आज सकाळी तो बोर्ड पाहिला," देवाजी म्हणाले. "सुमंता बेट्या, मी तिथं उभा राहून हसलो गा! म्हटलं, वा! हा मानूस नियमाले धरून चालनारा, पार्किंगमदे बादली ठेवू नाही देत, अन् मी जाऊ नये म्हनून अख्ख्या नागपूरले खोटं सांगून राहिला! गिऱ्हाईक पळवाले! कोनी तरी आपल्यासाठी एवढं केलं, असं वाटलं मले. अश्विनले तेव्हाच फोन केला. म्हटलं, आम्ही दिवाळीले येऊन जाऊ, राहाले नाही येत."

मी तोंड उघडलं. ऱ्हस्व, दीर्घ, जितेंद्र, चष्मा, सावनेर, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. प्रेमिलावहिनींनी पातेलं जागेवर ठेवलं आणि त्याचा आवाज झाला. मी तोंड मिटलं.

मग पुन्हा उघडलं. घशातलं ते अडकलेलं अजून तिथंच होतं.

"देवाजी," मी म्हणालो, "जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला नाही करमणार."

झालं! दोन वाक्यं! तोंडातून बाहेर पडायला चार सेकंदसुद्धा लागले नाहीत. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मला ते कळलं.

देवाजींनी पाय सोफ्यावरून खाली सोडले. मग म्हणाले, "एवढंच बोलाचं होतं, तं तीन टँकर काहून बोलावले गा?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. चौथा आला होता.

देवाजी पायजमा दुमडत उठले. "चाल. लाइन लावा लागन."

तो फ्लेक्स मी संध्याकाळी उतरवला. निरोपाची शाल यमुताईंना दिली, कारण पाण्यात पाय सोडून त्यांना सर्दी झाली. फलकावरच्या सूचना एकतीसच्या तीस केल्या, चौथी काढली. ते ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र मी देवाजींना अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही सांगू नका. कूलरचा पंप पुन्हा बंद पडलाय.